आपणहून

बंगळुरात बेने इस्राएल समाजाची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, घरं मोजकीच. कुणी नोकरीसाठी ठाण्याहून आलेलं, कुणी पुण्याहून, कुणी म्हातारपणी मुलांपाठोपाठ. आपलं म्हणावं असं प्रार्थनालय जवळपास नव्हतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची प्रार्थना वर्षानुवर्षं जे. पी. नगरला मोझेल आवासकरच्या घरी होत असे. त्या दिवशी ती दुपारीच कामाला लागे. काळ्या मनुका भिजत घालून त्यांचं सरबत करायचं, नारळाच्या दुधातली माशांची आमटी रटरटत ठेवायची, सोफा बाल्कनीत ढकलून खुर्च्या मांडायच्या. नवरा एलिझर होता तोवर प्रार्थना तो म्हणायचा. तो गेल्यावर दोन-तीन शुक्रवार लोक आले आणि नुसते बसून राहिले. कुणाचा सूर कुणाला लागेना. शेवटी मोझेलनेच स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुरुवात केली आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हटलं. तेव्हापासून तेच चालू राहिलं. ती शाळेत गणित शिकवायची. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज इथेही उपयोगी पडला.

एलिझर गेल्यावर तिला खरा आधार होता तो हनोख नवगावकरचा. हनोख आणि एलिझर एकाच कंपनीत होते, एकाच वर्षी मुंबई सोडून इथे आले होते. हनोख तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी. गॅसच्या गळतीपासून मुलीच्या, अबिगेलच्या, कॉलेजच्या प्रवेशापर्यंत काहीही अडलं की तिचा पहिला फोन त्याला जायचा. निवृत्तीनंतर तो देवनहळ्ळीजवळ नव्या लेआउटमध्ये राहायला गेला, तरी शुक्रवार चुकवत नसे. ट्रॅफिकला शिव्या देत यायचा आणि सगळ्यांच्या शेवटी जायचा.

मागच्या वर्षी परदेशातल्या एका धार्मिक संस्थेने कोरमंगल्यात केंद्र उघडलं. रब्बी नाथान नावाचे तरुण धर्मगुरू बायकोसह तिथे राहायला आले. गोरे, लालसर दाढीचे, बोलायला मऊ. ते म्हणाले, इथल्या समाजाची रीतसर समिती असावी, एक अध्यक्ष असावा, म्हणजे पुढची कामं सोपी होतील. ती कामं कोणती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांची मुलं इस्राएलला जायच्या विचारात होती, ज्यांना तिथे लग्नाची नोंद करायची होती, त्यांना या केंद्राच्या शब्दाचं वजन कळत होतं.

अध्यक्ष कोण, हा विषय एका रविवारी मोझेलच्याच घरी निघाला. जेवणं झाली होती. हनोख उभा राहिला आणि म्हणाला, "यात विचार कसला करायचा? हे सगळं ज्यांनी धरून ठेवलं त्याच. मोझेलवहिनी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योनाथान पेझारकर नावाचा तरुण इंजिनियर म्हणाला, "आंटी, तुम्ही नाही म्हणायचंच नाही." म्हाताऱ्या फ्लोराबाईंनी तिचा हात हातात घेऊन ठेवला. मोझेल संकोचली, पण तिला बरं वाटलं. एलिझर असता तर काय म्हणाला असता, असं तिच्या मनात येऊन गेलं. शिवाय ते वर्षच चांगलं चाललं होतं. अबिगेलचं लग्न ठरलं होतं. मुलगा आरियल तळकर पुण्याचा, समाजातलाच, नोकरीला बंगळुरात. डिसेंबरात लग्न आणि ते लावणार रब्बी नाथान.

पुढच्याच आठवड्यात, रविवारी सकाळी अबिगेल अचानक घरी आली. ती कोरमंगल्यात मैत्रिणींबरोबर राहायची आणि रविवारी दुपारपर्यंत झोपायची. मोझेलने विचारलं, "इडली खाणार का? गरम आहेत."

अबिगेल बसली नाही. "आई, आजीचं माहेर कुठलं?"

"तुला माहीत आहे की. कोकणातलं. लहानपणीच आईवडील गेले, मग ती इकडे नातेवाइकांकडे—"

"आई, खरं काय ते सांग."

मोझेलने गॅस बंद केला.

"रब्बींनी काल रात्री मला आणि आरियलला बोलावलं होतं," अबिगेल म्हणाली. "म्हणाले, तुझी आजी जन्माने यहुदी नव्हती असं आमच्या कानावर आलंय. यहुदीपण आईकडून येतं आणि तिचं धर्मांतर रीतसर झालं होतं का, याची खात्री नाही. तोवर तू आणि तुझी आई यहुदी आहात असं आम्हाला म्हणता येत नाही आणि लग्न लावता येत नाही. मी हसले, आई. म्हटलं, काहीतरी गैरसमज झालाय, आमच्या घरात तर सगळा समाज प्रार्थनेला येतो. मी त्यांच्या तोंडावर हसले."

मग मोझेलला सांगावंच लागलं.

तिची आई कृष्णाबाई चिकपेटेतल्या एका जुन्या मराठी घरातली. त्या लोकांच्या कितीतरी पिढ्या बंगळुरात गेल्या होत्या. त्यांच्या मराठीत अर्धं कन्नड होतं. मोझेलचे वडील दाविद चेऊलकर टपाल खात्यात होते, बदलीवर इथे आले आणि त्यांच्या शेजारच्या घरात भाड्याने राहिले. दोघांनी लग्न करायचं म्हटल्यावर तिच्या घरच्यांनी दार लावून घेतलं ते कायमचं. दाविद तिला आपल्या गावी, अलिबागच्या बाजूला घेऊन गेले. गावातल्या वडीलधाऱ्यांनी तिला समुद्रात बुडी मारायला लावली, प्रार्थना म्हटली, मिरियम हे नाव दिलं. एवढंच झालं. त्या काळी गावात यापलीकडे कोणी काही करत नसे. पण मुंबईत अशा लग्नाच्या मुलांना काळे इस्राएल म्हणणारी माणसं अजून होती. त्यांना वेगळं बसवायचे, त्यांच्यात सोयरीक करत नसत. दाविदनी मुलीला बजावलं, आईबद्दल कुठे बोलायचं नाही. मोझेल बोलली नाही. कृष्णाबाईने मात्र सगळे शब्बाथ पाळले, सगळे उपास केले आणि मरेपर्यंत ती मुलीला "जरा थांब"ऐवजी कन्नड वळणाने "स्वल्प थांब" म्हणत राहिली. बंगळुरात वाढली म्हणून तिच्या बोलण्यात असं येतं, एवढंच स्पष्टीकरण सगळ्यांना पुरलं.

अबिगेलने सगळं ऐकून घेतलं. "बाबांना माहीत होतं?"

"हो."

"आणि मला नाही."

"तुला कशासाठी सांगायचं? त्याने काय बदलणार होतं?"

"सगळंच बदललं की," अबिगेल म्हणाली. "आणि मला ते एका परक्या माणसाकडून कळलं." तिने पर्स उचलली आणि ती गेली. इडल्या तशाच राहिल्या.

हे आणखी कोणाला माहीत होतं, याचा मोझेलला फार विचार करावा लागला नाही. एलिझर गेला होता. दुसरा एकच माणूस होता.

कृष्णाबाई शेवटच्या आजारात इस्पितळात होत्या, तेव्हा एलिझर आणि हनोख आळीपाळीने बसायचे. एका दुपारी तापात त्यांची शुद्ध गेली आणि त्या माहेरच्या देवीला हाका मारायला लागल्या. लहानपणी शिकलेली आरती अडखळत, मध्येच कन्नडमध्ये बोलत म्हणत राहिल्या. खोलीत मोझेल होती आणि हनोख. तो काही विचारत नव्हता, पण मोझेलला राहवलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. एलिझर सोडून पहिल्यांदाच ती ते कोणाला सांगत होती. हनोख उठला, त्याने खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, हे माझ्याबरोबर जाईल." दोन दिवसांनी कृष्णाबाई गेल्या. हनोखने खांदा दिला. कबरीपाशी कद्दीश, मृतांसाठीची प्रार्थना, म्हणताना एलिझरचा आवाज फुटला, तेव्हा पुढचे शब्द हनोखने म्हटले.

मोझेलने कॅब बोलावली आणि देवनहळ्ळी गाठली. पूर्वी ज्या बाजूला द्राक्षांचे मळे होते तिथे आता एकसारखी घरं उभी होती. हनोख अंगणात होता. त्याच्या बायकोने, दीनाने, दोघांपुढे सोललेला चकोता, म्हणजे पपनस, ठेवला आणि ती आत निघून गेली. मोझेलच्या लक्षात आलं की दीनाने तिच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"भावजी, आईबद्दल रब्बींना कोणी सांगितलं?"

हनोखने चष्मा काढून पुसला. नाकारायचा प्रयत्न त्याने केला नाही. "मी."

मोझेलला वाटलं होतं की तो नाही म्हणेल. मग पुढे काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. आता ते उपयोगाचं नव्हतं.

"ऐकून घ्या, वहिनी. त्यांनी एकेका घराची चौकशी केली. मला समोर बसवून विचारलं, या घरातली आई कुठली, तिची आई कुठली. तुमचं नाव आलं. धर्मगुरूच्या समोर बसून खोटं कसं बोलू मी? तुम्हीच सांगा. त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. तुमच्याकडे यायचं धैर्य होत नव्हतं."

त्याचे डोळे ओले झाले होते. मोझेलने पंचवीस वर्षांत त्याला असं पाहिलं नव्हतं. तिला राग धरून ठेवता येईना. धर्मगुरूने थेट विचारल्यावर माणूस काय करणार, असं तिलाही वाटायला लागलं.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"तुम्ही अध्यक्षपदासाठी नाव मागे घ्या. तब्येतीचं कारण सांगू. म्हणजे विषयच निघणार नाही, कोणाला काही कळणार नाही. तुमच्या आईचं नाव चारचौघांत कशाला? अबीचं मी बघतो. रब्बी माझं ऐकतात."

"सरी, ठीक आहे," मोझेल म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिला हनोखची कीवच येत होती. आपण त्याच्यावर नको ते ओझं टाकलं, असंही वाटून गेलं.

तरी मुलीसाठी एकदा आपण जाऊन बोलावं म्हणून दोन दिवसांनी ती कोरमंगल्याला केंद्रात गेली. खाली बिर्याणीचं हॉटेल, डिलिव्हरीवाल्या मुलांच्या गाड्या, गेटवर बसलेला एक पोलीस. रब्बी नाथाननी तिला आदराने बसवलं, त्यांच्या बायकोने चहा आणला. मोझेलने आईची हकीकत सांगितली, समुद्राची, प्रार्थनेची, सगळी. रब्बी लक्ष देऊन ऐकत होते.

"तुमच्या आईच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही," ते म्हणाले. "पण ते करणारे लोक कोण होते, नियम पाळले का, हे सांगणारं आज कोणी नाही. तुमच्या मुलीला उद्या कोणी प्रश्न विचारू नये म्हणून मी म्हणतो, पुन्हा एकदा रीतसर करून घ्या. तुम्हीही करा. अभ्यास तुमचा आहेच. काही महिन्यांचा प्रश्न आहे."

"म्हणजे आज मी कोण आहे?"

"याला चांगलं उत्तर माझ्याकडे नाही," ते म्हणाले.

निदान हा माणूस खोटं बोलत नाही, असं तिला वाटलं. ती उठता उठता म्हणाली, "तुम्ही हनोखना दोष देऊ नका. तुम्ही विचारल्यावर त्यांना सांगावंच लागलं."

रब्बी गोंधळले. "मी? मी काही विचारलं नव्हतं."

मोझेल पुन्हा बसली.

"मी इथे कोणाचीच चौकशी केलेली नाही," ते म्हणाले. "लोक स्वतःबद्दल जे सांगतात ते मी धरून चालतो. हनोख आपणहून आले. तुमचं नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं गेलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाले, पुढे केंद्राची नाचक्की होऊ नये म्हणून आधीच कानावर घालतो. मला वाटलं, तुम्हीच त्यांना पाठवलंत. बोलायला अवघड म्हणून माणूस अशी गोष्ट दुसऱ्याकडून कळवतो." मग तिचा चेहरा पाहून ते थांबले. "मला वाईट वाटतं."

"माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं," मोझेल म्हणाली.

"ते मला ठाऊक नव्हतं."

मोझेल खाली रस्त्यावर आली तेव्हा तिला कॅब बोलवायचंही भान नव्हतं. ती तशीच चालत राहिली. इथे यायच्या आदल्या संध्याकाळी ह्या माणसाने तिच्या घरी तिच्या हातचं जेवून, उभं राहून तिचं नाव घेतलं होतं. टाळ्या सगळ्यांत आधी त्याच्याच. आणि दुसऱ्या सकाळी देवनहळ्ळीहून एवढं अंतर कापून तो इथे आला होता. मग ओले डोळे कशाचे? तिला तिथेच, फुटपाथवर, त्याच्या अंगणात बसून चकोता खाल्ल्याची शिसारी आली. त्याने तिला फसवलं होतंच. वर तिची समजूतही काढली होती आणि तिच्याकडून "सरी" म्हणवून घेतलं होतं.

तिने नाव मागे घेतलं नाही. हनोखला कळवलंही नाही.

अध्यक्ष निवडायची सभा केंद्राच्या मोठ्या खोलीत होती. जवळजवळ सगळी घरं आली होती. अबिगेल येईल असं मोझेलला वाटलं नव्हतं, पण ती आली, आरियलबरोबर, आणि आईच्या शेजारी बसली. दोघी गेल्या रविवारनंतर बोलल्या नव्हत्या.

हनोख पुढे उभा राहिला. "आपण सर्वांनी ज्यांचं नाव एकमताने सुचवलं त्या मोझेलवहिनींना तब्येतीमुळे ही जबाबदारी—"

"माझी तब्येत चांगली आहे," मोझेल म्हणाली आणि उभी राहिली.

तिने वर्गात बोलावं तसं, सावकाश, सगळं सांगितलं. आईचं नाव कृष्णाबाई, चिकपेटेतलं घर, वडिलांची बदली, लग्न, समुद्र, मिरियम हे नाव, वडिलांनी घातलेली शपथ. "हे मी तुमच्यापासून लपवलं, मुलीपासूनही लपवलं. ती चूक माझी. पण हे एका माणसाला मी विश्वासाने सांगितलं होतं, माझी आई मरायला टेकली होती तेव्हा. त्याने ते रब्बींना जाऊन सांगितलं. कोणी विचारलं नसताना. माझं नाव तुमच्यापुढे सुचवल्यावर दुसऱ्या दिवशी. तो माणूस इथे आहे. आता मला तुमच्याकडून एवढंच ऐकायचं आहे की मी तुमची आहे की नाही. रब्बींचा नियम मला कळला. मी तुम्हाला विचारतेय."

सगळ्यांनी हनोखकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. "मी जे केलं ते समाजासाठी केलं. उद्या ही गोष्ट बाहेरून कळली असती तर आपल्या सगळ्यांच्या मुलांवर प्रश्नचिन्ह लागलं असतं. वहिनींबद्दल मला आदर आहे. तो राहील."

मोझेल एकेकाकडे पाहत होती. हे चेहरे तिने शुक्रवारच्या दिव्याच्या उजेडात पाहिले होते. कुणाच्या मुलाला तिने दहावीचं गणित शिकवलं होतं, कुणाच्या बाळंतपणात डबे पोचवले होते. योनाथान पेझारकर उठला. त्याला पुढच्या वर्षी बायको आणि मुलीला घेऊन इस्राएलला जायचं होतं. "आंटी, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही, खरंच," तो म्हणाला. "पण केंद्राची मान्यता महत्त्वाची आहे. तुम्ही समजून घ्याल." आणि तो पटकन खाली बसला.

रब्बी खोलीत मागे उभे होते. ते मध्ये पडले नाहीत. पडायचं कारणही नव्हतं.

कोणीतरी मोझेलऐवजी हनोखचं नाव सुचवलं आणि हात वर करून मतं घेतली. हनोखसाठी हात वर व्हायला वेळ लागला. आधी दोन, मग इकडेतिकडे पाहत आणखी, मग जवळजवळ सगळेच. फ्लोराबाईंनी हात वर केला आणि चेहरा पदरात लपवला. मोझेलसाठी दोन हात उठले. अबिगेलचा आणि तिच्यानंतर आरियलचा.

बाहेर आल्यावर अबिगेल आईच्या दंडाला धरून चालत होती. मग म्हणाली, "मला तुझा अजून राग आहे. पण त्यांनी असं करायला नको होतं."

मोझेलला वाटलं की निदान आपली माणसं तरी आपली राहिली. ते समाधान फार दिवस टिकलं नाही. डिसेंबरातलं लग्न पुढे ढकललं गेलं. पुण्याहून आरियलच्या आईवडिलांचे फोन यायला लागले. ते भांडत नव्हते, पण दर वेळी तेच विचारत: रब्बी म्हणतात तसं करून घ्यायला काय हरकत आहे? आणि फेब्रुवारीत एक दिवस अबिगेलने सांगितलं की तिने केंद्रात धर्मांतराच्या अभ्यासाला जायला सुरुवात केली आहे.

"म्हणजे तू मान्य केलंस," मोझेल म्हणाली. "की आजी आपल्यातली नव्हती."

"मी तसं काही मान्य केलेलं नाही."

"मग कशासाठी बुडी मारणार आहेस? हनोखने सांगितलं म्हणून? त्या सगळ्यांनी हात वर केले म्हणून?"

"मला मुलं झाल्यावर त्यांना कोणी खोलीत बसवून हे सांगू नये म्हणून." अबिगेलचा आवाज चढला नाही. "आणि आई, आजीनेही हेच केलं ना? घर सोडलं, नाव सोडलं, समुद्रात उतरली. तिने तिच्या आईला नाकारलं असं तू कधी म्हणालीस?"

मोझेलला ते पटलं नाही. मुलगी बरोबर बोलते आहे आणि तरीही आपल्याला सोडून पलीकडे गेली आहे, असं तिला वाटलं, आणि ते ती कोणाला सांगू शकली नाही. पूर्वी ती असलं काही हनोखला सांगायची.

स्वतः मोझेलने मात्र काही करून घ्यायला नकार दिला. रब्बींचे दोन फोन आले. ती दोन्ही वेळा नम्रपणे म्हणाली, "मी आहे ती आहे."

पावसाळ्याच्या तोंडावर अबिगेलचं लग्न झालं, केंद्राच्याच गच्चीवर, मंडप घालून. मोझेल पहिल्या रांगेत बसली. कृष्णाबाईंची हिरवी इरकल नेसली होती. अध्यक्ष म्हणून हनोखने पाहुण्यांचं स्वागत केलं आणि भाषणात "या समाजाला ज्यांनी घर दिलं त्या आमच्या मोझेलवहिनी" असा उल्लेख केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने मांडीवरचे हात उचलले नाहीत.

जेवणाच्या वेळी तो तिच्यापाशी आला. समाजात भेटल्यावर एकमेकांचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावतात, तसे त्याने दोन्ही हात पुढे केले. ती प्लेट धरून उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने हात खाली घेतले.

"वहिनी, किती दिवस बोलणार नाही?"

"कशासाठी केलंत, भावजी?" तिने विचारलं. "समाजाचं सोडा. आता इथे कोणी ऐकत नाही."

हनोखने मागे वळून पाहिलं. गच्चीवर गाणी सुरू झाली होती. तो म्हणाला, "एलिझर होता तेव्हा सगळे एलिझर, एलिझर करायचे. तो गेल्यावर तुमच्याकडे वळले. मी प्रत्येक शुक्रवारी आलो, वहिनी. खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नाही. नाव सुचवताना मला वाटलं, तुम्ही म्हणाल, मी कशाला, भावजींना करा. तुम्ही तसं म्हणाला नाहीत."

मोझेल त्याच्याकडे बघत राहिली. असं काही तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. ते खरं होतं हे तिला लगेच कळलं, आणि त्याने काही कमी झालं नाही हेही.

"मला सांगितलं असतंत, तर मी आनंदाने तुमचं नाव घेतलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही त्या बदल्यात माझी आई देऊन टाकलीत."

तेवढ्यात आरियलची आई मोझेलला फोटोसाठी शोधत आली आणि ती तिच्याबरोबर गेली.

आता शुक्रवारी सगळे कोरमंगल्याला जमतात. तिथे प्रार्थना नीट होते, पुस्तकं नवी आहेत, परदेशी पाहुणे येतात. मोझेलकडे प्रार्थनेनंतर व्हायची ती जुनी मराठी गाणी मात्र म्हणत नाहीत. कोणाला सगळी कडवी येत नाहीत. फ्लोराबाई एकदा मोझेलकडे आल्या, दारातच रडल्या, चहा घेऊन गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. अबिगेल आणि आरियल एक शुक्रवार तिकडे असतात, एक इकडे, आणि कुठे जायचं यावरून अधूनमधून त्यांच्यात धुसफूस होते.

मोझेल संध्याकाळी दिवा लावते आणि प्रार्थना म्हणते, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. खालच्या अनुषाने एकदा जिन्यात विचारलं, "अक्का, आता लोक येत नाहीत का?"

"नाही," मोझेल म्हणाली. "त्यांना दुसरी जागा मिळाली."